निहारकणा सेन आजारी आहेत

लिही. आधी वर नाव लिही, निहारकणा सेन. आन् त्याच्या शेजारी बुलीदी लिही. हां, शेजारीच. दोन्ही नावं एका कागदावर शेजारी शेजारी तिच्या जन्मात कवा आली न्हाईत. तू तरी लिही.

आता तुला काय सांगायचं, तू इथंच वाढलीस. हितली बंगाली माणसं पोर झालं की घरात एक नाव ठेवतात आन् शाळेत दुसरं. घरचं असं की ऐकून हसू यावं, बाहेरचं असं की घेताना जीभ वळू नये. शेजारी जन्म काढतो आन् बाहेरचं नाव त्याच्या कानावर येत न्हाई. मलाच बघ, समोरच्या झंटूचं खरं नाव त्याच्या लग्नाची पत्रिका तुझ्या बापानं वाचून दाखवली तवा कळलं. तवर मी त्याला दहा हजार वेळा झंटू म्हणून हाक मारली असंल. बुलीदीचंही तसंच. आख्ख्या गल्लीची ती बुली. ल्हानांची बुलीपिशी, म्हणजे बुलीआत्या. माझी बुलीदी, म्हणजे बुलीताई. आडनाव सेन, पण सेन तर आपल्या गल्लीत आठ घरं.

मी लग्न होऊन आले तवा मला सोळावं सरलं नव्हतं. तुझ्या आजोबांची गलाईची, म्हणजे सोनं गाळायची, भट्टी बउबाजारात, सोनारांच्या मागच्या बोळात, आन् बिऱ्हाड हे असंच, ह्याच घरात वर. खालच्या दोन खोल्यांत सेनबाबू आन् त्यांची ही लेक. सेनबाबू बरिशालकडचे मास्तर. फाळणीत सगळं सोडून आले, पण शाळेची किल्ली तेवढी खिशात राहिली. ती किल्ली मरेपर्यंत त्यांच्या उशीखाली हुती. थोरला लेक आसनसोलला नोकरीला गेला आन् तिकडचाच झाला. बुलीदीचं लग्न एकदा ठरून मोडलं, दुसऱ्यांदा ठरायच्या आधीच मोडलं, आन् मग म्हातारा अंथरुणाला खिळला. त्याचं करता करता तिचं विचारायचं सगळेच विसरले. ती पण विसरली असंल. न्हाई, ती न्हाई विसरली. पण बोलली न्हाई कवा.

मला आल्या आल्या इथली भाषा येत नव्हती. तुझे आजोबा सकाळी भट्टीवर जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. मी जिन्यात बसून रडायची. एक दिवस ती खालनं वर आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली, आन् एक बोट दाखवून बंगालीत म्हणली, "हे काय?" मी म्हणलं, "बोट." ती म्हणली, "आंगुल." मग नाक, मग कान. असं करत करत तिनं मला भाषा शिकवली. मास्तराचीच पोरगी ती.

ती बोईपाड्यातल्या, म्हणजे पुस्तकांच्या बाजारातल्या, एका छापखान्यात प्रूफं तपासायला जायची. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढायचं काम. दहाला काळी छत्री घेऊन निघायची, पाचला परत. एवढं गल्लीला ठाऊक हुतं. "बुली छापखान्यात जाते," संपलं. घरी आल्यावर बापाचं आवरून, कंदिलासारखा तो ल्हान दिवा लावून ती काय करते, ते कुणी विचारलं न्हाई.

ती गोष्टी लिहायची. पोरांच्या. आन् परदेशातल्या पोरांच्या गोष्टी बंगालीत आणायची. बर्फ तिनं जन्मात बघितला नव्हता, आन् बर्फातली तीन पुस्तकं केली. एकदा एका गोष्टीत एक पोरगी रानात हरवते आन् तिच्या झोळीत काळ्या पिठाची भाकरी असते. बुलीदी त्या भाकरीपाशी दोन दिवस अडून बसली. हितं सगळा भात, न्हाईतर मैद्याची लुची. काळी भाकरी कुणाला म्हाईत? शेवटी वर आली.

"तारा, तुझ्या गावाकडची ती भाकरी. काळपट असते ती. कशी लागते?"

मी म्हणलं, "कशी लागते म्हणजे? भाकरीसारखी."

"अगं पण चावताना काय होतं?"

गावाकडनं आलेलं बाजरीचं पीठ हुतं. मी दिली थापून. तिनं डोळं मिटून एकेक घास चावला, पाणी प्याली, "कळलं" म्हणली आन् खाली गेली. तसं तिचं काम. एका भाकरीसाठी दोन दिवस. आन् पुस्तक निघालं की तिचं नाव आत, दुसऱ्या पानावर, मुंगीएवढं.

लिहून झालं की ती मला वाचून दाखवायची. मी विळीवर भाजी चिरत बसायची, ती पायरीवर बसून वाचायची. मी एकदा म्हणलं, "बुलीदी, मला ग म भ न येत न्हाई, मला काय वाचून दाखवतीस? छापखान्यात शिकलेली माणसं असतील की."

ती म्हणली, "शिकलेली माणसं भिडेनं छान म्हणतात. तू जांभई देतेस."

आन् खरंच, मी जांभई दिली की ती तिथं रेघ मारायची. माझा हात विळीवर थांबला की कडेला एक ल्हान टिंब काढायची. असं माझ्या जांभईनं किती पानं गेली असतील देव जाणे.

तिची स्वतःची म्हणून जी पुस्तकं हुती, त्यात एक मांजर हुतं. बरिशालच्या नदीवरच्या स्टीमरवर राहणारं. प्रत्येक घाटावर त्याला येगळं नाव. एका घाटावर त्याला मासळी मिळायची, दुसऱ्यावर लाथ. स्टीमर सुटला की ते मागच्या कठड्यावर बसून मागं पडणाऱ्या घाटाकडं बघायचं. पोरांना ते मांजर लई आवडलं. दुर्गापूजेच्या दिवसांत पोरांचे जाडजूड अंक निघतात, त्यात दर साली त्या मांजराची नवी गोष्ट यायची. आपल्या गल्लीतली पोरं त्या अंकासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायची. आन् ती खालच्या खिडकीत बसून ऐकायची.

मी म्हणायची, "सांग की गं त्यांना."

एकदा सांगितलंच तिनं. पोरांना न्हाई, नळावर बायांना. नंदीगिन्नी, म्हणजे नंदींच्या घरची मालकीण, सांगत हुती, मी नातवाला निहारकणा सेनचं पुस्तक आणलं, तर पोरगं जेवायचं विसरलं. बुलीदीची बादली भरत आलती. ती हळूच म्हणली, "ते मी लिहिलंय."

 मग नंदीगिन्नीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मग महाभारत आमच्या ह्यांनी लिहिलं!"

दुसरी म्हणली, "जिला मासेवाला रोज पोटाचा तुकडा सांगून शेपटी बांधून देतो, ती गोष्टी रचणार!"

सगळ्या पोट धरून हसल्या. वाईट मनानं न्हाई गं, तिला हसायचीच सवय हुती त्यांना. बुलीदीपण हसली. बादली उचलली आन् आली. त्यानंतर मला शपथ घातली, कुणाला बोलशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी म्हणलं, न्हाई बोलत.

मग सेनबाबू गेले. खाली ती एकटी.

त्यानंतर घरात आवाजच नसायचा. मी वरनं ऐकायची, भांडं ठेवल्याचा आवाज, मग कितीतरी येळ काही न्हाई, मग नळ. एकटं माणूस एक भांडं ठेवतं आन् एकच भांडं उचलतं. पोरं तिच्या परसात चेंडू टाकायची आन् ती चेंडू ठेवून घ्यायची. पोरं म्हणायची पिशी खडूस हाय. खरी गोष्ट मला म्हाईत हुती. चेंडू ठेवून घेतला की पोरगं मागायला यायचं, दारात उभं राहायचं, गयावया करायचं. तेवढा येळ कुणीतरी दारात.

आता ती सरस्वतीपूजेची गोष्ट लिही. ते साल मला पक्कं आठवतंय, तुझा बाप सातवीत हुता आन् झंटू त्याच्याच वर्गात. झंटू म्हणजे गल्लीतल्या पोरांच्या क्लबाचं डोकं. बारा वर्षांचा, पण निताईदा, क्लबाचा सेक्रेटरी, त्याला विचारल्याशिवाय काही करायचा न्हाई. पोरांनी त्या साली हातानं लिहून भिंतीवर लावायचं मासिक काढलंतं. त्याचं उद्घाटन पूजेच्या दिवशी एखाद्या मोठ्या माणसाच्या हातनं करायचं ठरलं. झंटू म्हणला, "निहारकणा सेन." आन् पुस्तकावर छापलेल्या पत्त्यावर त्यानं पत्र घातलं.

तो पत्ता म्हणजे बुलीदीचा छापखाना. तिथल्या मॅनेजरनं चहाबरोबर ते पत्र तिच्या टेबलावर ठेवलं.

पाचला ती आली ती सरळ वर आली. छत्री तशीच हातात. "तारा, हात धू आणि बस."

तिनं वाचून दाखवलं. 'पूजनीय निहारकणादेवी, आमची गल्ली फार आडबाजूला आहे, तुम्हाला सापडणार नाही, म्हणून सोबत नकाशा काढला आहे. मिठाईच्या दुकानापासून आत या. पिवळं घर लागेल. तिथं बुलीपिशी राहते. तिच्या परसात चेंडू गेला तर परत मिळत नाही. त्या घराला वळसा घालून उजवीकडं आमचा मांडव.'

नकाशात तिचं घर काढलेलं, गजांच्या खिडकीसकट. खिडकीत एक ल्हान बाई.

ती हसत सुटली. इतकी हसली की पदरानं डोळं पुसायला लागली, आन् पुसतच राहिली.

मी इचारलं, "आता?"

"आता जाणार." तिनं पत्राची घडी घातली. "बायांना सांगितलं तर हसल्या. पोरं नाही हसणार. सगळ्या पोरांसमोर उभी राहून सांगेन, मीच ती. तारा, मी पंचेचाळीस वर्षांची झाले. एकदा तरी कुणीतरी मला त्या नावानं हाक मारू दे. छापखान्यातसुद्धा मला बुलीदीच म्हणतात."

मग आमचे चार दिवस त्यातच गेले. तिच्या आईची एक ढाकाई साडी हुती, पेटीत डांबराच्या गोळ्यांत. ती काढून वाऱ्यावर टाकली. भाषण तयार केलं, पायरीवर बसून मला वाचून दाखवलं. मी दोनदा जांभई दिली, दोन ठिकाणी तिनं कापलं. शेवटी एवढंच उरलं, 'नकाशा मिळाला. पण मला लागला नाही. मी त्या पिवळ्या घरातूनच आले.' ते ऐकून माझा हात विळीवरच राहिला.

पूजेच्या दिवशी सकाळी देवीला फुलांची अंजली वाहून झाली, पोरांनी पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवली, खिचडी झाली. कार्यक्रम चारला. पाहुण्यांसाठी डॉक्टरबाबूंच्या घरची हाताची खुर्ची आणलेली, तिच्यावर भरतकामाचं आच्छादन, पुढं टेबल, टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून. बुलीदी ती ढाकाई नेसून आली. केस नीट बांधलेले. मी तिच्या मागं. ती सरळ चालत गेली, इकडं तिकडं न बघता, आन् खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

निताई ओरडला, "ए पिशी, तिथं नको! ती पाहुण्यांची. तुम्ही इकडं बायकांत बसा की, सतरंजीवर. आणि आज काय हे, कुणाचं लग्नबिग्न आहे का?"

पोरं हसली.

बाई, मी तिच्या मागंच हुते, मला तिचा हात दिसत हुता. आच्छादनावर ठेवलेला. एक क्षण तसाच राहिला, मग तिनं आच्छादनाला पडलेली चुणी सरळ केली, जणू त्यासाठीच आलती. "हो रे बाबा, बसते," म्हणली आन् माझ्या शेजारी येऊन सतरंजीवर बसली.

मी कोपरानं ढोसलं. "सांग की!"

"थांब."

"अगं थांब काय? आत्ता उठ."

"तारा, गप्प बस."

चार वाजले. साडेचार. पोरं निशिगंधाचा हार घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी. टॅक्सीचा आवाज आला की पळायची. एकदा टॅक्सीतनं नंदीगिन्नीचा जावई उतरला, त्याच्याच गळ्यात घालत हुते. पाच वाजले. ल्हान पोरं कंटाळून एकमेकांना चिमटे काढायला लागली.

निताई चिडला. "मोठ्या माणसांचं हे असंच. पुस्तकात पोरांवर एवढी माया, आणि प्रत्यक्षात आमच्या गल्लीत पाय टाकायला कमीपणा."

नंदीगिन्नी म्हणली, "गाडी पाठवली असतीत तर आली असती नाचत."

बुलीदी मांडीवर हात ठेवून बसलेली. स्वतःबद्दलचं सगळं ऐकत. मला वाटलं आता माझ्याच्यानं राहवत न्हाई, शपथ गेली खड्ड्यात. तेवढ्यात झंटू आला. चेहरा एवढासा झालेला. कुणाला म्हणून न्हाई, असाच बोलला, "माझा नकाशा चुकला असणार. मी मिठाईच्या दुकानापुढचा बोळ काढलाच नाही. त्या तिकडं गेल्या असतील."

बुलीदी उठली.

सगळे बघायला लागले. तिचे ओठ हालले. मी मनात म्हणलं, बोल गं माय, बोल.

"त्या आजारी आहेत," ती म्हणली. "निहारकणा सेन आजारी आहेत. ताप आहे. मी त्यांच्या पुस्तकांची प्रूफं बघते ना, त्यांनी मला निरोप द्यायला सांगितला होता. मीच विसरले."

निताईनं डोक्याला हात लावला. "पिशी! आणि तुम्ही तासभर इथं मुकाट बसलात?"

झंटू मधेच म्हणला, "नकाशा बरोबर होता?"

"अगदी बरोबर. त्या म्हणाल्या, इतका चांगला नकाशा मी कधी बघितला नाही."

मग सगळ्यांनी तिला घेरलं. पिशी त्यांना ओळखते! "बसा ना पिशी, खुर्चीवर बसा, तुम्ही त्यांचं माणूस," निताईच म्हणला. तवा ती त्या खुर्चीवर बसली. हार कुणी घातला न्हाई. तिच्या मांडीवर ठेवला, त्यांना नेऊन द्या म्हणून.

पोरं इचारायला लागली. "त्या दिसतात कशा?"

"साध्याच. माझ्याएवढ्या."

"रागीट आहेत?"

"लिहिताना कुणी चेंडू टाकला तर."

पोरं हसली. एक पोरगी म्हणली, "त्यांना मुलं किती?"

"एकही नाही."

"मग घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

"म्हणजे त्या एकट्याच?"

"एकट्याच," बुलीदी म्हणली. आन् ग्लासावरचं झाकण काढून पाणी प्याली.

मग म्हणली, त्यांनी तुमच्यासाठी एक गोष्ट पाठवलीय, अजून छापली नाही. आन् मांजराची गोष्ट सांगितली. मांजर एका घाटावर चुकून मागं राहतं, स्टीमर निघून जातो, आन् त्या घाटावरच्या माणसांना वाटतं हे तर आपलंच मांजर, कायम हितलंच. ही मी पण ऐकलेली नव्हती. तिथल्या तिथं रचली असंल. एक पोरगं हाललं न्हाई. संपल्यावर निताई म्हणला, "पिशी, बरं सांगता की तुम्ही! अगदी त्यांच्यासारखं नाही, पण जवळपास."

घरी आल्यावर मी लई बोलले तिला. "तोंडात मिठाची गुळणी धरलीतीस का? खुर्चीवर बसलीस, पाणी पण प्यालीस, मग एवढं एक वाक्य जड झालं?"

तिनं हार खिडकीच्या गजाला अडकवला. म्हणली, "त्यांनी ज्या बाईसाठी खुर्ची मांडली ती लांबून येणार होती, टॅक्सीनं. मी समोरच्या घरातून आले. समोरच्या घरातून आलेल्या माणसाला कोण हार घालतं, तारा? मी सांगितलं असतं तर त्यांची निहारकणा सेन गेली असती, आणि त्यांना मिळाली कोण असती? बुलीपिशी. ती तर त्यांच्याकडं होतीच."

मला ते पटलं न्हाई. आजपण पटत न्हाई. 

त्या दिवसापासनं पोरं पत्रं आणून द्यायला लागली. "पिशी, हे त्यांना द्या हं. उघडायचं नाही." ती म्हणायची, "शपथ. नाही उघडणार." रात्रीचं जेवण झालं की वर येऊन मला वाचून दाखवायची. झंटूनं तर तिचीच चुगली केलेली. 'आमची बुलीपिशी चार चेंडू देत नाही. तुम्ही तिला ओळखता, तर जरा सांगा. ती तुमचं ऐकेल.' दोघी मरणाच्या हसलो. चेंडू दुसऱ्या दिवशी दिले तिनं. झंटूला वाटलं, वरनं हुकूम आला.

उत्तरं पण लिहायची ती. सगळ्यांना. ती मात्र मला वाचून दाखवली न्हाईत. मी म्हणलं, "दाखव की." तर म्हणली, "ती निहारकणा सेनची पत्रं आहेत, खाजगी."

पोरं वाढली. पत्रं थांबली. नवी पोरं आली, ती येगळंच वाचायला लागली, मग वाचायचीच थांबली. छापखाना बंद पडला. मांजराची पुस्तकं मिळंनाशी झाली. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, एक डोळा केला, दुसरा करायचा राहिला. तरी ती भिंग धरून काहीतरी परदेशातलं आणतच हुती बंगालीत. मी म्हणायची, "आता कोण छापणार?" ती म्हणायची, "छापायचं कुठं, पोरगी रानात अडकलीय, तिला घरी तर नेऊ दे."

पौषात गेली. दुपारी. मी खाली डाळ घेऊन गेले तर पलंगावर बसल्या बसल्याच. भिंग मांडीत.

आसनसोलहून भावाचा लेक आला, खोकन. चांगला हाय पोरगा, पण त्यानं आत्याला जन्मात चार-पाच वेळा बघितलेलं. श्राद्धाला भटजीला खरं नाव लागतं, आन् हितं श्राद्धाची पण पत्रिका छापतात, तिच्यावर पण खरंच नाव लागतं. पत्रिका गल्लीत वाटल्या. संध्याकाळी झंटू वर आला. आता त्याला टक्कल पडलंय, विम्याच्या कचेरीत साहेब हाय. पत्रिका हातात.

"काकीमा, छापणाऱ्यानं घोळ घातलाय. पिशीच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव आलंय."

"कुणाचं?"

"निहारकणा सेन."

 शपथ ती मेल्यावर सुटली का न्हाई, मला ठरवता येईना. त्यानं परत पत्रिका वाचली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूहळू खाली बसला, तिथंच, पायरीवर.

म्हणला, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी तिच्याकडं तिचीच चुगली केली होती."

"वाचून दाखवलीती तिनं मला. लई हसली रे ती, वाईट वाटून घेऊ नको."

"तिचं उत्तर आलं होतं," तो म्हणला. "अजून आहे माझ्याकडं. जपून ठेवलंय, निहारकणा सेनचं पत्र म्हणून. पोरांना दाखवतो. त्यात लिहिलंय, 'चेंडूचं मी सांगते तिला. पण तू माझं एक काम कर. रविवारी दुपारी तुमच्या पिशीकडं जाऊन बसत जा. ती एकटी असते. तिला गोष्टी येतात, फक्त कुणी विचारत नाही.'"

मी म्हणलं, "मग? गेलास?"

"गेलो की. दोन रविवार गेलो. तिनं नारळाचे लाडू केले होते." तो पत्रिका दुमडायला लागला, परत उलगडायला लागला. "तिसऱ्या रविवारी मॅच होती."

 तो गेला तवा मी तशीच बसले. त्याला न्हाई सांगितलं, आता तुला सांगते, हे लिही आन् मग थांब. त्या सालापासनं दर सोमवारी सकाळी खालनं नारळाच्या लाडवांची वाटी वर यायची. आदल्या दिवशी केलेले असायचे, जरा कडक झालेले. दीड वर्ष आले, का दोन. तुझ्या बापानंच खाल्ले सगळे. आन् मी वाटी घासून परत देताना दर खेपेला तिला म्हणायची, "बुलीदी, आमच्या पोरांवर किती गं जीव तुझा."